‘१-०-१’च्या पुढे : औषधाची शरीरातली वाट पाहून घरातल्या गोळ्यांचं वेळापत्रक कसं मांडावं

चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. बहुतेक घरांत याचा अर्थ असा लावला जातो की सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकायच्या आणि रात्री जेवण झालं की उरलेल्या. औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे उभं राहिलं की हे रोज ऐकायला मिळतं. मग ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून डोस वाढतो, किंवा डॉक्टर बदलले जातात.

गोळीला शरीरात चार टप्पे पार करावे लागतात : आतड्यातून रक्तात शिरणं, रक्ताबरोबर फिरणं, यकृतात मोडलं जाणं आणि बहुतेक वेळा मूत्रपिंडातून बाहेर पडणं. १-०-१ यातल्या एकाही टप्प्याबद्दल काही सांगत नाही. ते आपल्याला मांडावं लागतं. दोनपेक्षा जास्त औषधं कायमची चालू असलेल्या माणसाच्या घरच्यांनी एक मोकळी दुपार काढून खालच्या क्रमाने हे काम करावं. यात कुठलाही डोस आपल्या मनाने कमी-जास्त करायचा नाही. वेळा, अंतरं आणि विचारायचे प्रश्न तेवढे ठरवायचे.

## १. तयारी : सगळं टेबलावर आणि नावं घटकांची

डब्यातलं, फ्रीजमधलं, पर्समधलं, देव्हाऱ्याजवळच्या वाटीतलं, सगळं बाहेर काढा. डोळ्यांचे थेंब, इनहेलर, मलम, इन्सुलिन, कॅल्शियम, ‘ताकदीच्या’ गोळ्या, आयुर्वेदिक काढे, चूर्णं आणि इसबगोलसुद्धा. ‘ते काही औषध नाही’ म्हणून जे बाजूला ठेवलं जातं, तेच पुढे घोळ करतं.

आता कागदावर प्रत्येकासमोर पाच गोष्टी लिहा : घटकाचं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कुणी लिहून दिलं आणि नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर अशी शेपटी (औषध हळूहळू सोडणारी गोळी असल्याची खूण) आहे का. घटकाचं नाव म्हणजे ठळक ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं. दोन स्ट्रिपांवरचे ब्रँड वेगळे आणि आतला घटक एकच, हे फार वेळा निघतं. हृदयाच्या डॉक्टरांनी बीपीची टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची एकत्र गोळी दिलेली असते आणि फॅमिली डॉक्टरांची जुनी अ‍ॅम्लोडिपिनही चालूच असते. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आणि अंगदुखीच्या जोडगोळीतही तेच.

शेजारी ताजे रिपोर्ट ठेवा. क्रिएटिनिन व ईजीएफआर (दोन्ही मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवतात) आणि यकृताची तपासणी यांचे आकडे पुढच्या टप्प्यांत लागतील.

तपासा : एकच घटक दोनदा आला असेल तर इथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. वेळापत्रक त्यानंतर.

## २. आत शिरणं : अनशापोटी म्हणजे नेमकं काय

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे वेळ द्या.

अनशापोटी म्हणजे जेवणाच्या निदान एक तास आधी किंवा दोन तास नंतर, फक्त साध्या पाण्याबरोबर. चहा म्हणजे अनशापोटी नव्हे. दूध नव्हे, आणि ‘फक्त एक बिस्किट’सुद्धा नव्हे. पाणीही ग्लासभर हवं. घोटभर पाण्यात गोळी अन्ननलिकेतच चिकटून बसू शकते.

थायरॉईडची गोळी (थायरॉक्सिन). उठल्यावर पहिली. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा नाही. कॅल्शियम, लोह आणि अँटासिड तिच्यापासून चार तास लांब ठेवा, कारण हे पदार्थ आतड्यात तिला धरून ठेवतात आणि ती शौचावाटे निघून जाते. टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही म्हणून मात्रा वाढत राहिलेल्या बायकांना ‘कॅल्शियम कधी घेता?’ असं विचारलं, की उत्तर बऱ्याचदा ‘त्याच वेळी’ असं येतं.

अ‍ॅसिडिटीची गोळी (पँटोप्राझोल, राबेप्राझोल वगैरे). नाश्त्याच्या साधारण अर्धा तास आधी. जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर फायदा तोकडाच. जेवणाच्या तयारीत पोट आम्ल सोडू लागतं तेव्हा तिने रक्तात हजर असायला हवं.

हाडांची आठवड्याची गोळी (अ‍ॅलेंड्रोनेट). ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, दुसऱ्या कुठल्याही औषधाच्या आणि अन्नाच्या निदान अर्धा तास आधी, आणि तेवढा वेळ आडवं व्हायचं नाही. या नियमाला पर्याय नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे व्रण पडतात. त्या दिवशी थायरॉईडची पाळी हिच्यानंतर.

लोह. अनशापोटी जास्त शोषलं जातं, पण मळमळ होते. झेपत नसेल तर थोडं खाऊन घ्या. मात्र चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियम यांच्यापासून दोन तास लांब. लिंबूपाणी सोबत चालतं, उपयोगीही पडतं.

अँटिबायोटिक. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधा-दह्याबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतलं तर शोषण घटतं. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत दूध, लोह, कॅल्शियम आणि अँटासिड सगळीच आडवी येतात. ‘गोळी गरम पडते’ म्हणून वर ग्लासभर दूध पाजण्याची आपल्याकडची पद्धत इथे नुकसान करते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अँटासिड दोन्ही असतील तर आधी अँटिबायोटिक, दोन तासांनी अँटासिड. क्रम उलटा झाला असेल तर मध्ये सहा तास जाऊ द्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागल्यावर लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या भीतीने डॉक्सिसायक्लिन दिलं जातं. ते ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि लगेच झोपू नका.

गजकर्ण-नायट्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल. यांचं सगळं उलट. भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायच्या, कारण विरघळायला अन्न आणि आम्ल दोन्ही लागतं. आता एकाच चिठ्ठीवर पँटोप्राझोलही असेल तर काय होणार? आम्ल नाही, शोषण कमी, आणि महिनाभर औषध घेऊनही नायटा जागचा हलत नाही. ही जोडी दिसली तर डॉक्टरांना जरूर विचारा. एरवी कॅप्सूल बदलून दुसरा ब्रँड आणण्यात पैसे जातात.

मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि वेदनाशामकं जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर. इथे कारण शोषणाचं नसून पोटाच्या त्रासाचं आहे.

इसबगोल रात्री घेत असाल तर बाकी गोळ्यांपासून दोन तास दूर. त्याचा लगदा गोळीला लपेटून घेतो.

सावधान : ‘सगळं एकदम घेऊन मोकळं व्हायचं’ ही सवय मोडल्याशिवाय पुढचे टप्पे निरुपयोगी आहेत.

## ३. फोडायची, चावायची की चघळायची?

मधोमध रेघ असलेली साधी गोळी मोडता येते. एसआर, ईआर, एक्सएल, सीआर ही शेपटी असलेली गोळी कुटायची किंवा चावायची नाही. बारा किंवा चोवीस तास हळूहळू सुटायला बांधलेलं औषध ती चुरल्यावर एकदम रक्तात उतरतं. अशा काही गोळ्या रेघेवर मोडता येतात, पण ते त्या गोळीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तरच. पँटोप्राझोलवरचं आवरण वेगळ्या कामाचं आहे : पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्याचं. ती कुटली की औषध पोटातच नासतं.

नळीवाटे जेवण चालू असलेल्या आजी-आजोबांच्या घरी खलबत्ता हमखास निघतो. त्याआधी फार्मासिस्टला यादी दाखवा. बऱ्याच औषधांचं पातळ किंवा विरघळणारं रूप मिळतं.

एक जाता जाता : मेटफॉर्मिनच्या ईआर गोळीचं रिकामं कवच कधी कधी शौचात जसंच्या तसं दिसतं. लोक ते पाहून ‘गोळी पचलीच नाही’ म्हणत दुसरी घेतात. औषध निघून गेलेलं असतं. दुसरी घेऊ नका.

## ४. पोट टाळून जाणाऱ्या वाटा

जिभेखालची गोळी. छातीत दुखल्यावर ठेवायची आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट गिळली तर आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिचा मोठा भाग तिथेच मोडतो. जिभेखालून ती थेट रक्तात शिरते. बसून ठेवा, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. त्या माणसाने लैंगिक ताकदीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर ही देऊ नका. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीवर घसरतो. हा प्रश्न विचारायला घरात संकोच होतो, तरी विचारा. आणि छातीत दुखणं थांबत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गोळीचा विचार करत बसण्यापेक्षा रुग्णालय गाठा.

इन्सुलिन. पोटाच्या कातडीतून लवकर, मांडीतून सावकाश शोषलं जातं. मांडीत टोचून लगेच फिरायला गेलात तर तिथूनही वेगाने. रोज त्याच जागी टोचलं की तिथे गाठ धरते, आणि गाठीतून शोषण आज इतकं, उद्या तितकं. साखर अकारण वर-खाली होत असेल तर आधी पोट चाचपून पाहा.

डोळ्यांचे थेंब. काचबिंदूचा टिमोलॉलचा थेंब डोळ्यातून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात. दम्याच्या माणसाला त्याने धाप लागू शकते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. दम्याची माहिती डोळ्यांच्या डॉक्टरांना दिली आहे का, हेही बघा.

## ५. फिरणं : वय वाढलं की हिशेब बदलतो

रक्तात शिरलेलं औषध दुखत्या गुडघ्यापुरतं जात नाही, सगळीकडे जातं. सत्तरीत शरीरातलं पाणी कमी आणि चरबीचं प्रमाण जास्त असतं. डायझेपामसारखी चरबीत मुरणारी झोपेची गोळी मग दिवसचे दिवस रेंगाळते, आणि पहाटे लघवीला उठताना तोल जातो.

सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन सहज मेंदूत शिरतं. म्हणून ग्लानी, वयस्करांत गोंधळलेपण, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत लघवी अडकणं. फेक्सोफेनाडिन मेंदूत फारसं जात नाही. ‘सर्दीवर काहीतरी द्या’ असं दुकानात म्हणताना रुग्णाचं वय आणि प्रोस्टेटचा त्रास दोन्ही सांगा.

## ६. मोडणं : यकृतातली गर्दी

पॅरासिटामॉल निरुपद्रवी समजलं जातं, आणि मर्यादेत ते तसंच आहे. धडधाकट प्रौढासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द. म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त सहा गोळ्या, त्याही चार ते सहा तासांच्या अंतराने, आणि सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल याच हिशेबात धरून. रोज दारू घेणारा, यकृताचा आजार असलेला किंवा अंगाने अगदी किरकोळ माणूस असेल तर मर्यादा बरीच खाली येते. ती डॉक्टरांकडून घ्या. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो. एरवी यकृत त्याला लगेच निकामी करतं, पण ते निकामी करणाऱ्या पदार्थाचा यकृतातला साठा संपला की यकृताच्याच पेशी मरतात. पहिल्या दिवशी फक्त मळमळ होते, त्यामुळे घरच्यांना कळतही नाही.

यकृतातली मोडतोड एक औषध दुसऱ्यासाठी मंद किंवा वेगवान करू शकतं. घरात दिसणाऱ्या जोड्या :

- टीबीचं रिफाम्पिसिन यकृताचं काम इतकं वाढवतं की गर्भनिरोधक गोळी आणि रक्त पातळ करणारी गोळी अपुरी पडू शकते. औषध थांबवल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे राहतो. लघवी नारिंगी-लाल होते, त्याला घाबरायचं कारण नाही.
- इट्राकोनाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) चालू असताना कोलेस्टेरॉलचं सिम्वास्टॅटिन घ्यायचंच नाही. अ‍ॅटोरवास्टॅटिनचीही पातळी चढते. स्नायू दुखू लागले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.
- रक्ताची गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल स्वतः काम करत नाही. यकृतात बदलल्यावर करतं. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल त्या बदलात अडथळा आणतात, म्हणून सोबत बहुधा पँटोप्राझोल दिलेलं असतं. ‘दोन्ही अ‍ॅसिडिटीचीच’ म्हणून दुकानात अदलाबदल करू नका.
- ग्रेपफ्रूट आणि त्याच्या कुळातलं पपनस काही औषधांची मोडतोड रोखतं. वरच्या स्टॅटिनपैकी काही चालू असेल तर गणपतीत आलेलं पपनस घरातल्या इतरांनी खावं.

अ‍ॅसेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडायची नाही. एक आठवडा रोज पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही, हे टाळायचं. प्रमाण सारखं ठेवा म्हणजे आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) स्थिर राहतो. डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक मात्र विचारल्याशिवाय अजिबात नको.

## ७. किती वेळ टिकतं, आणि डोस चुकला तर

रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. पॅरासिटामॉलचं दोन-तीन तास, अ‍ॅम्लोडिपिनचं ३० ते ५० तास, थायरॉक्सिनचं सुमारे सात दिवस. साधारण पाच अर्धायुष्यांत औषध जवळजवळ निघून जातं. नव्याने सुरू केल्यावर पूर्ण पातळीला यायलाही तेवढाच काळ लागतो.

म्हणून अ‍ॅम्लोडिपिन सुरू करून दोन दिवसांत ‘बीपी उतरत नाही’ म्हणू नका; आठवडाभर तरी द्या. थायरॉईडची मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी करा. पंधराव्या दिवशीच्या रिपोर्टवर निर्णय घेण्यासारखं काही नसतं.

दिवसातून तीनदा असलेलं अँटिबायोटिक आठ, एक आणि रात्री नऊला घेतलं तर शेवटी अकरा तासांची फट राहते आणि रक्तातली पातळी पडते. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, असं मांडा.

चुकलेल्या डोससाठी सर्वसाधारण नियम असा : दोन डोसांमधला अर्ध्यापेक्षा कमी वेळ गेला असेल तर आठवल्याबरोबर घ्या. जास्त गेला असेल तर तो सोडा आणि पुढचा वेळेवर घ्या. दुप्पट कधीच नाही.

सावधान : इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळी आणि मेथोट्रेक्सेट यांना हा नियम लावू नका. त्यांचे नियम डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. सांधेदुखीसाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. ती रोज घेतली गेल्याने जीव गेले आहेत. कागदावर वाराचं नाव पूर्ण लिहा आणि स्ट्रिप रोजच्या डब्यात ठेवूच नका.

स्टेरॉइड, प्रोप्रॅनोलॉल-मेटोप्रोलॉल (बीपी-हृदयाच्या गोळ्या) आणि क्लोनाझेपाम (झोप-फिटची गोळी) ही औषधं एकदम थांबवायची नसतात. औषध शरीरातून गेलेलं असतं, पण शरीर अजून त्याच्या भरवशावर असतं. दीर्घकाळ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. त्यांना जागं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात.

## ८. बाहेर पडणं : क्रिएटिनिनचा कागद इथे लागतो

मेटफॉर्मिन जवळजवळ न बदलता लघवीवाटे जातं. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर ते द्यायचं नसतं; ३० ते ४५ मध्ये डॉक्टर मात्रेचा फेरविचार करतात. हृदयाचं डिगॉक्सिन आणि मनाच्या आजाराचं लिथियम यांचं बाहेर पडणंही बहुतेक मूत्रपिंडावरच. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं औषध आणणाऱ्यांनी हा आकडा निदान वर्षातून एकदा तपासावा. तो आधीच कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढ्या लवकर.

एक त्रिकूट लक्षात ठेवा : टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक. पहिल्या दोन अनेकांना एकाच गोळीत मिळतात. गुडघा दुखला म्हणून तिसरी दुकानातून येते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. विदर्भातला मे महिना, त्यात जुलाब, असं काही जुळून आलं तर चार दिवसांत क्रिएटिनिन चढलेलं दिसू शकतं.

उलट्या-जुलाबाच्या किंवा निर्जळी उपवासाच्या दिवशी मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन (हीही मधुमेहाची गोळी), वरच्या बीपीच्या गोळ्या आणि लघवीची गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. रात्री अकराला फोन लागत नाही. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसाठी तर एकादशी-नवरात्राचे दिवस कॅलेंडरवर खूण करून विचारा. सकाळी गोळी घेतली, दुपारपर्यंत पोटात काही नाही, आणि मूत्रपिंड कमजोर असल्याने औषध लवकर बाहेर पडत नाही, अशा वेळी साखर उतरते ती पुन्हा पुन्हा उतरत राहते. घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असेल तर उपवास बाजूला ठेवून साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा.

## ९. आता कागद मांडा

एका नेहमीच्या घरातला नमुना असा दिसेल :

- सकाळी ६ : थायरॉक्सिन, ग्लासभर पाणी
- ७ : पँटोप्राझोल
- ७:३० : नाश्ता, मेटफॉर्मिन, बीपीची गोळी, चहा
- ११ : लोह, लिंबूपाण्याबरोबर
- रात्री ८ : जेवण, मेटफॉर्मिन, कॅल्शियम, अ‍ॅटोरवास्टॅटिन
- १०:३० : इसबगोल

थायरॉईड आणि कॅल्शियममध्ये चार तासांहून कितीतरी जास्त, लोह आणि चहामध्ये साडेतीन, इसबगोल आणि जेवणाच्या गोळ्यांमध्ये दोनाहून जास्त. पाच-सहा वेळा जड वाटत असतील तर डॉक्टरांना ‘यातलं काय बंद करता येईल?’ असा सरळ प्रश्न विचारा. कित्येकदा निदान एक औषध निघतं. अ‍ॅसिडिटीची गोळी तर बऱ्याच जणांची कुणी थांबवायला सांगितली नाही म्हणूनच चालू असते.

कागदाचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना आधी तोच दाखवा. दुकानदाराने वेगळा ब्रँड दिला तर घटक, मिलिग्रॅम आणि शेपटी या तिन्ही गोष्टी जुन्या स्ट्रिपशी जुळवून मगच पैसे द्या. एखादं औषध बंद झालं की त्याच्या ओळीवर काट मारून तारीख टाका, आणि उरलेली स्ट्रिप त्याच दिवशी डब्यातून काढा.